बिनहप्त्याचा विमा

आकाराम मगदूम हा माणूस मला कधीच आवडला नाही. तो रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी त्यात फरक पडलेला नाही. लोक म्हणतात, वय झालं की राग निवतो. माझा निवलेला नाही, आणि निववायची माझी इच्छाही नाही. कोल्हापुरात आमच्या पोलीस लाईनीत त्याची खोली आणि माझी खोली यांच्यात एकच भिंत होती. त्याचं घोरणं, खाकरणं आणि बढाया मारणं, तिन्ही मी वर्षानुवर्षं त्या भिंतीतून ऐकली. पहिल्या दोन गोष्टी निदान खऱ्या होत्या.

दिसायला मोठा रुबाबदार. मिशा अशा की ठाण्यात नवीन आलेला माणूस साहेबांना सोडून आधी त्यालाच नमस्कार करायचा. हवालदाराच्या तीन फिती दंडावर, कडक इस्त्री, आणि पुढे पोट. ते पोट सगळं फुकटचं होतं. चहा फुकट, केळी फुकट, दाढी-कटिंग फुकट, चपलेचा अंगठा तुटला तर तोही फुकट. आता आमच्या खात्यात चहाचे पैसे सगळे मोजून देतात असं मी म्हणणार नाही, तुम्ही हसाल. पण बाकीचे जरा इकडेतिकडे बघून प्यायचे. आकारामनं मात्र त्याचा धर्म केला होता. खिशात हात घालावा लागला की त्याला अपमान झाल्यासारखं वाटायचं.

आणि या सगळ्या फुकटात त्याचा सगळ्यात मोठा दागिना म्हणजे शेळके डॉक्टर.

विजयसिंह शेळके यांचा दवाखाना राजारामपुरीत एका गल्लीच्या तोंडाला होता. पाटी रस्त्यावर हातभर पुढे आलेली, पेशंटांच्या स्कुटरी आडव्यातिडव्या लावलेल्या, आणि संध्याकाळी तिथून सायकलसुद्धा निघायची नाही. डॉक्टर हुशार होते. पोलिसांकडून फी घ्यायची नाही, म्हणजे पाटी आणि स्कुटरी जागच्या जागी राहतात, एवढं त्यांना कळत होतं. त्यांच्या टेबलाला उजवीकडे एक खण होता. औषध कंपन्यांची पोरं येऊन ज्या नमुन्याच्या गोळ्या आणि बाटल्या ठेवून जायची, त्या सगळ्या त्या खणात. तो खण फक्त आमच्यासाठी उघडायचा.

आकाराम तिथं रांगेत बसत नसे. आत पेशंट झोपवलेला असला तरी दार ढकलायचं, उंबऱ्यावर उभं राहायचं आणि टोपी काखेत धरून साहेबांपुढं द्यावा तसा रिपोर्ट द्यायचा. बायकोला सोबत न्यायची पद्धतच नव्हती. गुन्हा कुठं घडला, कसा घडला हे हवालदारानं सांगायचं असतं, गुन्ह्याला उचलून साहेबांकडं न्यायचं नसतं, असला काहीतरी हिशेब त्याच्या डोक्यात असावा.

"डॉक्टर, घरात जरा अशक्तपणा हाय. सारखं तहान तहान करत्यात."

डॉक्टर मान वर न करता खण उघडायचे. हाताला लागेल ती बाटली काढायचे. "वहिनींना हे द्या. सकाळ-संध्याकाळ दोन चमचे."

झाली तपासणी. त्यांनी वहिनींना कधी डोळ्यांनी बघितलं नव्हतं, आणि त्यांना त्याची गरजही वाटत नव्हती. बघितलं तर रक्त तपासावं लागणार, रक्त तपासायचं तर लॅबवाल्याला पैसे द्यावे लागणार, ते कोण देणार? फुकटच्या पेशंटला बाटली द्यायची आणि वाटेला लावायचं. मला त्या डॉक्टरचीही तेवढीच चीड आहे. पण निदान तो आपला फायदा बघत होता. हा बहाद्दर तोटा घरी घेऊन यायचा आणि बाटली टोपीत घालून सगळ्या लाईनीला दाखवत यायचा.

बाटली कसली असायची? टॉनिक. लाल, दाट, गोड. अंबूबाईच्या खोलीत फळीवर त्या बाटल्यांची रांग होती. पाहुणी पोरं आली की ती त्यांनाही चमचा-चमचा चाटवायची, इतकं ते गोड.

अंबूबाई म्हणजे त्याची बायको. माहेर गडमुडशिंगीचं. बारीक चणीची, बोलायला कमी, आणि हातात सुई. लाईनीतला प्रत्येक शिपाई तिला ओळखायचा, कारण कुणाला बढती मिळाली की नव्या फिती तिच्याकडूनच शिवून घ्यायच्या. टेलरकडं मशीनवर मारलेली फीत दोन धुण्यांत आकसते आणि शर्टाला चुण्या पडतात. अंबूबाई हातानं बारीक टाके घालायची. दोन्ही दंडांवरच्या फिती अशा समोरासमोर यायच्या की परेडला साहेब पट्टी लावून बघोत. कुणी पाच रुपये द्यायचं, कुणी दहा. तेवढीच तिची स्वतःची कमाई. आकाराम त्यावरही कुरकुरायचा. म्हणायचा, "खात्यातल्या माणसाकडनं पैसं घेतीस?" स्वतः जगाकडून फुकट घेणारा माणूस बायकोच्या पाच रुपयांवर तत्त्व सांगायचा.

नव्वद सालानंतरची ती सगळी वर्षं ही बाई तहानेनं उठायची, पाणी प्यायची, थकायची आणि टॉनिक प्यायची. टाचेला काटा लागला तर जखम पावसाळाभर भरली नाही. आकारामनं रिपोर्ट दिला, मलम आलं. हातापायाला मुंग्या येतात म्हणाली. रिपोर्ट दिला, ताकदीच्या कॅप्सूल आल्या. मग सुईत दोरा जाईना. रोज सकाळी माझी बायको तिच्याकडं जाऊन दहाबारा सुया ओवून एका चिंधीला टोचून ठेवायची, आणि दिवसभर अंबूबाई त्या एकेक घेऊन हाताच्या सवयीनं शिवायची.

अशात खात्यात आरोग्य विम्याची योजना आली. ही दोन हजार सालानंतर चारपाच वर्षांनी. त्याआधी आमच्यात कुणी आजारी पडलं की आधी पैसे भरायचे, मग बिलं लावायची, आणि बिलं अशी फिरायची की माणूस एकतर बरा व्हायचा नाहीतर जायचा. योजनेत तसं नव्हतं. पगारातून दरमहा थोडे कापायचे, आणि मोठं दुखणं आलं की ठरलेल्या दवाखान्यात बायकापोरांसकट उपचार. ज्याला नको असेल त्यानं नको म्हणून लिहून द्यायचं. ऑफिसच्या क्लार्कनं परेडनंतर मैदानात उभं राहून हे नीट समजावून सांगितलं.

आणि मग जे सुरू झालं ते बघून मला आमच्या खात्याची लाज वाटली. काय मिळणार हे एकानंही विचारलं नाही. कुणाचे किती कापणार, एवढंच. हुद्द्याप्रमाणं कपात होती. आम्हा हवालदार-शिपायांचे पन्नास, फौजदाराचे शंभर, वर साहेबांचे दोनशे. शिपाई म्हणायचे, साहेबाला स्वतंत्र खोली मिळणार आणि आम्हाला चारजणांत टाकणार, मग आमचे पन्नास तरी का? फौजदार म्हणायचे, शिपायाच्या दुप्पट देऊन आमचं पोट काय दुप्पट दुखणार आहे? साहेब तर चहाच्या टपरीवर उतरून आम्हाला ऐकू जाईल असं म्हणाले, की दोनशे रुपये देऊन मी ह्या लोकांची पोरं पोसू काय! चोर पकडताना ज्यांच्या पायाला मुंग्या येतात ती माणसं या हिशेबात आठवडाभर पळत होती.

त्यात आकाराम म्हणजे नवरदेव. त्यानं एसटीच्या कंडक्टरला विचारलं, शाळेच्या मास्तरला विचारलं, बँकेच्या रखवालदाराला विचारलं. कुणाचं किती जातंय ते सगळं तोंडपाठ केलं आणि एके संध्याकाळी टपरीवर, फुकटच्या चहाचा कप हातात धरून, सगळ्यांपुढं निकाल जाहीर केला.

"बाळासो, तुझं किती?"

"पन्नास," मी म्हटलं.

"फौजदाराचं शंभर. सायबाचं दोनशे. आनि ह्या मगदूमचं?" त्यानं बोटांचा गोल करून सगळीकडं फिरवला. "भोपळा! आरं मर्दा, माझा विमा माझ्या अंगावर हाय. ही वर्दी. हिला हप्ता न्हाय न् फिप्ता न्हाय."

लोक हसले. दोघातिघांनी तर दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर जाऊन नको म्हणून लिहून दिलं.

मी लिहून दिलं नाही, म्हणून पुढं कित्येक दिवस मी लाईनीतला मूर्ख. वर्षभरातच माझ्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन झालं, मला एक रुपया पडला नाही. आकाराम बघायला आला, केळी घेऊन. केळी कशी आणली असतील ते सांगायला नको. खुर्चीवर बसून त्यानं माझ्या रिटायरमेंटपर्यंतचे महिने मोजले, पन्नासनं गुणले आणि मान हलवली.

"पित्ताशय गेलं ते गेलंच, आनि पैसं बी जाणारच की दर म्हैन्याला. लई बुडालास, बाळासो."

टाके होते म्हणून मी गप्प बसलो. नाहीतर त्या केळ्यांनीच हाणला असता.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात पिराजी नावाच्या एका शिपायाला बढती मिळाली. त्यानं रीतीप्रमाणं अंबूबाईकडून फिती शिवून घेतल्या. परेडला साहेब त्याच्यासमोर थांबले आणि कडाडले. उजव्या दंडावरची फीत डावीपेक्षा दोन बोटं खाली आणि तिरकी. पिराजी सगळ्यांसमोर खाली मान घालून उभा. संध्याकाळी तो शर्ट घेऊन अंबूबाईच्या दारात आला आणि बिचाऱ्यानं तो नुसता पुढं केला. तिनं शर्ट हातात घेतला, बोटांनी दोन्ही फिती चाचपल्या आणि गपकन खाली बसली. तिला ते दिसलंच नव्हतं.

त्या रात्रीचं भिंतीतून आलेलं बोलणं मला अजून पाठ आहे.

"अवो, त्या योजनेत नाव घाला की. माझ्या डोळ्यास्नी काय तरी व्हतंय."

"कशाला? शेळके डॉक्टर हाय न्हवं? ड्रॉप आणतो की उद्या."

"डॉक्टरनं मला कवा बघितलंय का?"

"बघायला कशाला पायजे? मी सांगतोय की सगळं. आनि तुला काय कमी पडू दिलंय? सगळ्या लाईनीत एक बाई दाव, जिची एवढी औषधं फुकट चालू हायती."

यात त्याचा लबाडपणा नव्हता, हेच जास्त संतापजनक. त्याला खरंच वाटत होतं की आपण बायकोला राणीसारखं ठेवलंय. दुसऱ्या दिवशी ड्रॉप आले. त्या वर्षीही त्यानं योजनेत नाव घातलं नाही.

अंबूबाईनं मग आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला न सांगता एक गोष्ट केली. तिची बहीण जयसिंगपूरला दिलेली. तिच्याकडं चारआठ दिवस राहायला म्हणून गेली. जयसिंगपुरात आकारामच्या मिशा कुणाला माहीत नव्हत्या. तिथं एका डॉक्टरीणबाईचा दवाखाना होता. अंबूबाई बहिणीबरोबर रांगेत बसली, नंबर आला तेव्हा आत गेली आणि फितींच्या पैशातले वीस रुपये टेबलावर ठेवले.

परत आली ती सरळ आमच्या खोलीत. माझ्या बायकोपुढं बसली आणि लहान मुलीसारखं सांगायला लागली.

"तिनं माझा हात धरला ओ. जीभ बघितली. पाय मांडीवर घेऊन टाच बघितली. बोटाला टोचून रगात काढलं. वीस रुपयात माणूस एवढं बघतंय व्हय?"

"आणि काय म्हणाली?" माझ्या बायकोनं विचारलं.

"साखर हाय म्हणाली. लई वर्सांची. म्हणाली, मावशी, इतक्या वर्सांत कुणी तपासलं न्हाय? मी म्हटलं, न्हाय बाई, आमचं फुकट असतंय."

मी आतल्या बाजूला बसलो होतो. उठून बाहेर गेलो. आकाराम ओट्यावर बसून मिशीला तेल लावत होता. मी त्याला त्या दिवशी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. शब्द सगळे खात्यातलेच होते. त्याच्या चेहऱ्यावर एकदा काहीतरी हललं, एवढं मी कबूल करतो. तो आत गेला, फळीवरची एक बाटली खाली घेतली आणि तिच्यावरचं इंग्रजी वाचता येईना म्हणून नुसतीच उलटीपालटी करत उभा राहिला.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली होती. तिथं तपासून सांगितलं की साखरेनं डोळ्यांच्या आतल्या शिरा खराब झाल्यात. उजवा गेल्यात जमा. डावा ताबडतोब ऑपरेशन केलं तर वाचेल, निदान सुईत दोरा ओवण्याइतका. थांबू नका. खर्च मोठा होता. योजनेत नाव असतं तर एक कागद पुढं सरकवून काम झालं असतं. आकाराम क्लार्ककडं धावला. क्लार्कनं सांगितलं, नवीन नावं आता वर्षाच्या सुरुवातीला, आणि आधीपासूनचं दुखणं असेल तर विचारून सांगतो.

इथं शहाण्या माणसानं काय केलं असतं? पोलिसांच्या पतसंस्थेतून कर्ज उचललं असतं आणि दुसऱ्या दिवशी बायकोला टेबलावर घेतलं असतं. मी स्वतः त्याला जामीन राहतो म्हणालो. पण आकाराम मगदूमनं आयुष्यात कधी दवाखान्याला पैसे दिले नव्हते. त्याला ते जमेना. हाताला लकवा भरावा तसा खिशाकडं हात जाईना. वर्दी चढवून, पदक लावून तो एकेक डोळ्याचा दवाखाना फिरला. प्रत्येक ठिकाणी दार ढकलून उंबऱ्यावर उभा राहायचा, टोपी काखेत. प्रत्येक ठिकाणी काउंटरवरची पोरगी त्याला म्हणायची, "काका, नंबर घ्या. पैसे त्या खिडकीत." मग तो घरी येऊन सांगायचा, अमक्याकडं एवढं लागतंय, तमक्याकडं त्याहून कमी, अजून एका ठिकाणी विचारतो. कपातीची तुलना करण्यात ज्याची हयात गेली, तो आता बायकोच्या डोळ्याची तुलना करत हिंडत होता. ती दारात बसून त्याच्या बुटांचा आवाज ओळखायची आणि विचारायची, "ठरलं का?"

महिना गेला. एके सकाळी तिनं माझ्या बायकोला हाक मारली आणि म्हणाली, डाव्या डोळ्यापुढं काळं पाणी उतरल्यागत झालंय. आत रक्त साकळलं होतं. मग कर्जही झालं, ऑपरेशनही झालं, सगळं झालं. डॉक्टरांनी पट्टी सोडली तेव्हा तिला उजेड कळला, दारात माणूस उभा आहे एवढं कळलं. कोण आहे ते कळलं नाही.

फळीवरच्या बाटल्या आकारामनं टाकल्या नाहीत. फुकटची वस्तू टाकायची कशी?

पुढं दोन वर्षांनी तो रिटायर झाला. जाता जाता सहाय्यक फौजदार झाला होता. खांद्यावर स्टार आला. तो टेलरनं लावून दिला, फुकट. ठाण्याच्या आवारात मांडव घालून निरोप समारंभ झाला. फेटा, शाल, श्रीफळ, पेढे. साहेबांनी भाषण केलं, की मगदूम यांनी कधी एक दिवसाची आजारपणाची रजा घेतली नाही आणि आरोग्यासाठी सरकारचा एक पैसा खर्च केला नाही. टाळ्या पडल्या. आकारामची छाती पुढं आली. मी टाळी वाजवली नाही.

अंबूबाईला पुढच्या खुर्चीवर बसवलं होतं, नवं लुगडं नेसवून. तिच्या शेजारी माझी बायको, पाठीमागं मी. पेढे वाटप चाललं होतं तेवढ्यात शेळके डॉक्टर आले. सफारी, हातात गुच्छ. पाटी अजून रस्त्यावरच होती त्यांची. गुच्छ आकारामला देऊन ते तिच्यासमोर वाकले.

"काय वहिनी, मी शेळके डॉक्टर."

अंबूबाईनं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. "तुमीच व्हय? नाव लई वर्सं ऐकतीया."

"मगदूमसाहेब रिटायर झाले म्हणून काय झालं? तुम्हाला काहीही लागू दे, निरोप पाठवायचा. आपल्याकडं तुमचं कायम फुकट!"

तिनं कमरेची पिशवी काढली. बोटांनी चाचपून आतली एक नोट काढली. विसाची होती. जयसिंगपूरला दिली तेवढीच. ती नोट तिनं दोन्ही हातांत धरून पुढं केली आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं, पण रागावून नव्हे, अगदी अजीजीनं म्हणाली,

"ही घ्या तुमची फी. आता एकडाव मला बघा."

डॉक्टरांचं तोंड उतरलं. त्यांनी आकारामकडं बघितलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस खाली मान घालेल. निदान फेटा तरी काढेल.

आकाराम पुढं झाला. "अगं, खुळी का काय तू? डॉक्टरास्नी पैसं देतीस? आपल्याला फुकट असतंय की," असं म्हणत त्यानं ती नोट तिच्या हातांतून हलकेच काढून घेतली, घडी घातली आणि स्वतःच्या वरच्या खिशात ठेवली. डॉक्टर सुटल्यासारखे हसले आणि पेढा घ्यायला वळले.

तिच्या हातातून नोट गेली एवढंच तिला कळलं होतं. ती डॉक्टरांनी घेतली असं तिला वाटलं. तिनं पदर सारखा केला, खुर्चीवर जरा पुढं सरकली, आणि मान वर करून, दोन्ही डोळे मोठे उघडून बसून राहिली.